चौथ्या दिवशी कातडं काढायचं

२६ ऑगस्ट १९४८

पोचलो एकदाचे! स्टेशनापासून नऊ कोस, दोन घोड्यांची गाडी, तीन ओढे आणि मोजून अकरा फाटकं. प्रत्येक फाटकाशी अनसेल्मो खाली उतरायचा, उघडायचा, लावायचा आणि परत चढताना म्हणायचा, आलंच आता, एर्मिनिया. लग्नाला तीन दिवस झाले नाहीत तर नवरा खोटं बोलायला लागला, असं मी म्हटलं तेव्हा तो इतका हसला की घोडे बिचकले.

अकराव्या फाटकाशी मात्र त्याला उतरावं लागलं नाही. तिथे त्याची मुलगी डेल्फिना दोन्ही हातांनी फाटक धरून उभी होती. सात वर्षांची, बापाची जुनी विजार कापून घातलेली, नाक थंडीनं लाल. सकाळपासून जागची हलली नाही म्हणे. तिनं फाटक ढकललं तशी बिजागरी अशी काही करकरली की माझे दात शिवशिवले. तिला तेल मुद्दामच घालत नाहीत. ती करकर स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येते, म्हणजे कोणी आलं हे कळतं. डेल्फिनानं माझ्या ओंजळीत टिटवीची तीन अंडी ठेवली, सेन्योरा, ही उकडून छान लागतात, असं सांगितलं आणि धूम पळाली.

घर बसकं, पांढरं, चारी बाजूंनी निलगिरी. पलीकडे नुसतं कुरण आणि गुरं. घरातली माणसं थोडी. स्वयंपाक बघणारी दोन्या कासिल्डा, जिचं वय विचारू नये अशी. तिनं माझे हात उलटसुलट करून पाहिले आणि निकाल दिला, शिवणकामाचे हात आहेत बाई, गाय पिळताना रडतील. म्हातारा मुकादम निकासियो माझी ट्रंक उतरवताना कण्हत विचारत होता, बाई, पायसांडू बंदराचा अख्खा धक्का उचलून आणलात की काय? शिवणाचं सामान आहे म्हटलं. निम्मं खरं आहे.

चौतिसाव्या वर्षी मला पुन्हा घर मिळालं. मी सुखी आहे. शाईनं लिहिते, म्हणजे उद्या खोडता यायचं नाही.

३० ऑगस्ट

सांता रोसा या संतिणीच्या सणाला दरवर्षी वादळ येतं म्हणतात, ते अगदी तिथीला आलं. दिवसभर पाऊस, आणि पाऊस म्हटला की चरबीत तळलेल्या पुऱ्या. बारा मी खाल्ल्या, पंधरा निकासियोनं. कासिल्डा म्हणाली, एवढ्यात एक बैल जगला असता.

मी गाय पिळायला शिकले. हात रडले, पण शिकले. शिकवलं डेल्फिनानं. तिला साठ-सत्तर गाई नावानिशी ठाऊक आहेत, कोण लाथ मारते, कोण दूध चोरते, सगळं. स्वतःची एक करडी घोडी आहे, पिमिएंता, आणि मागे मागे फिरणारा तिगरे नावाचा कुत्रा. तिची आई तिच्या जन्माच्या दिवशीच गेली. कासिल्डानं तिला बाटलीवर वाढवलं. मी ग्वाचा आहे, सेन्योरा, असं तिनंच मला खुशाल सांगितलं. आई मेलेल्या वासराला इथे तेच म्हणतात. मुलांनाही तेच.

वहीत तरी खरं लिहावं. मला तिच्याविषयी काही वाटत नाही. मी वेणी घालते, नखं कापते, विजार फाटली तर शिवते. पोर गुणाची आहे, केस विंचरताना हूं की चूं करत नाही. पण माझे हात ते काम करतात, गिऱ्हाइकाचं कापड शिवावं तसे. काल तिनं हळूच माझ्या मांडीवर डोकं टेकलं आणि मी कसल्याशा निमित्तानं उठले. तिला कळलं. ती काही बोलली नाही, पण कळलं.

माझी नेलिदा सहा वर्षांची होती. दोन हिवाळ्यांपूर्वी घटसर्पानं गेली. मी विणलेला निळा लोकरी फ्रॉक तेव्हा तिच्या अंगात होता. चार घोंगड्या घातल्या, शेजाऱ्यांची पाचवी आणली, तरी आई, थंडी वाजते, एवढंच म्हणायची. तेच शेवटचं. पुरताना पांढरा घातला. निळा ट्रंकेत आहे. मी तो धुतलेला नाही. परवा तो काढून हुंगत बसले होते तर दारात डेल्फिना; माझ्या गेलेल्या लेकीचा, एवढंच तिला सांगितलं.

७ सप्टेंबर, सकाळ

आज जे पाहिलं ते लिहून ठेवायलाच हवं.

पांढऱ्या तोंडाच्या गाईचं वासरू पहाटे मेलं. गाय त्याच्याभोवती फिरत होती, हंबरत होती, मध्येच त्याला चाटत होती. मला तिच्याकडे बघवेना. वाड्यात दोन दिवसांचं एक पोरकं वासरू भुकेनं ओरडत होतं. ते नुसतं जवळ नेलं तर तिनं शिंगावर घेतलं असतं. निकासियोनं सुरी काढली, मेलेल्या वासराचं कातडं सोललं, पायांची भोकं तशीच ठेवली आणि ते पोरक्या वासराच्या अंगावर चढवून पोटाखाली दोरीनं बांधलं. मग त्याला तिच्यापुढे सोडलं.

गाईनं हुंगलं. शेपटीशी बराच वेळ हुंगलं. मग चाटायला लागली, आणि वासरानं तोंड लावलं तशी पान्हावली. मी कुंपणाला धरून रडले. निकासियोला वाटलं, रक्त पाहून रडतेय. तो म्हणाला, चालायचंच बाई, एक गेलं, एक जगलं.

डेल्फिना कुंपणावर बसून प्रश्नांवर प्रश्न विचारत होती. गाईला खरंच कळत नाही का? निकासियो म्हणाला, कळत असेल थोडं, पण तिलाही कोणीतरी हवंच असतं ना. मग कातडं कायमचं ठेवायचं का? छे, चौथ्या दिवशी काढायचं. तोवर गाईचं दूध त्याच्या पोटातून गेलेलं असतं, त्याला तिचाच वास येतो, मग ती त्याला त्याच्याच कातडीत ओळखते. आणि नाही काढलं तर? निकासियो थुंकला. पोरी, मेलेलं कातडं ते. चौथ्या दिवसानंतर आतल्या वासराला खायला लागतं. किडे पडतात. एकदा एका गाढवानं विसरून ठेवलं होतं, दोरी कापली तर आत वासरू म्हणून काही उरलंच नव्हतं. असं म्हणाला आणि हसला. डेल्फिना हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती.

रात्र

अनसेल्मो सकाळी तीनशे बैल घेऊन बाजाराला निघाला. पंधरा दिवस लागतील. जाताना म्हणाला, माझ्या पोरीला सांभाळ. मी म्हटलं, जा, काळजी करू नकोस.

दुपारी सगळं घर झोपलं होतं. मला जाग आली ती वासानं. झोपेतच मी हसत होते बहुधा. डोळे उघडले तर पलंगाशी निळा फ्रॉक उभा.

डेल्फिनानं ट्रंक उघडली होती. फ्रॉक तिला थोडा तोकडा होत होता, पाठीवरची बटणं लागली नव्हती. मी ओरडणार होते. हात उगारलाही होता. ती जागची हलली नाही. म्हणाली, मी डेल्फिनाच आहे, सेन्योरा, पण तुम्ही हुंगून बघा ना. चारच दिवस. मग मी काढून देईन. तोवर तुम्हाला माझी सवय होईल.

देवा, सात वर्षांची पोर. एवढा विचार करून आली होती.

मी तिला ओढून घेतलं आणि तिच्या मानेशी, लोकरीत, तोंड खुपसलं. किती वेळ ते माहीत नाही. ती मला थोपटत होती, गाईला थोपटतात तशी.

८ सप्टेंबर

इतका सुरेख दिवस दोन वर्षांत उगवला नव्हता. तांदळाची खीर केली, वरून दालचिनी. ती माझ्या मांडीवर बसून जेवली. मी तिला गोष्ट सांगितली. आवाज बसला इतकं बोलले. कासिल्डानं फ्रॉककडे बघून विचारलं, हा कुणाचा? माझ्या लेकीचा म्हटलं. ती कोबी चिरत राहिली.

१० सप्टेंबर

चौथा दिवस. सकाळी निकासियोनं वासराच्या पोटावरची दोरी कापली. कातडं वास मारत होतं, त्यानं ते काठीनं उचलून लांब फेकलं. गाईनं उघडं वासरू हुंगलं, मागे सरली, पुन्हा हुंगलं. मग पाजायला उभी राहिली. डेल्फिना टाळ्या पिटत माझ्याकडे धावत आली आणि पाठ करून उभी राहिली. सेन्योरा, आता माझंही काढा.

मी बटणाला हात लावला. मग म्हटलं, आज वारा बोचरा आहे, उद्या काढू.

ती म्हणाली, पण निकासियो म्हणतो चौथ्या दिवशी. मी म्हटलं, तू काय वासरू आहेस? ती हसली. खूश झाली उलट. तिला वाटलं, मला ती इतकी आवडली.

बटणं सारखी निघतात म्हणून संध्याकाळी पाठीवर चार टाके घातले. उसवता येतील.

१२ सप्टेंबर

काल काढायचा राहिला. आजही.

दुपारी ती माझ्या कुशीत झोपली. डोळे मिटता मिटता तिनं माझ्या कानाची पाळी दोन बोटांत धरली आणि चोळत राहिली.

नेली अशीच झोपायची. बाळ होती तेव्हापासून. हे मी इथे कोणालाही सांगितलेलं नाही. अनसेल्मोलासुद्धा नाही.

जेवताना चमचा डाव्या हातात होता. डेल्फिना उजव्या हातानं जेवते. नेली डावरी होती. कासिल्डानं पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

१३ सप्टेंबर

तिगरे तिच्यावर गुरगुरला. केस उभे, शेपूट पायांत. ती बिचकून माझ्यामागे लपली आणि विचारलं, हा कुणाचा कुत्रा? पिमिएंतापाशी नेलं तर घोडी खोगिराला हात लावू देईना, डोळे पांढरे करून मागे मागे सरकली. आणि पोर रडत म्हणाली, मला घोड्यांची भीती वाटते.

कासिल्डानं मला कोठीत गाठलं. बाई, मी ही पोर बाटलीवर वाढवलीय. आता त्या फ्रॉकात आहे ती माझी पोर नाही. काढा ते अंगावरचं, चुलीत घाला. मी म्हटलं, तुमच्या पोटी कोणी जन्मलं नाही, तुम्हाला काय कळणार? तिला ते लागलं. लागावं म्हणूनच बोलले. लाज वाटते, पण बोलले.

मग उसवायला बसले होते. खरंच बसले होते. ती मान वळवून म्हणाली, आई, बेनितोचा पोपट अजून एका पायावर उभा राहतो का गं?

पायसांडूत आमच्या समोरच्या घरी लंगडा पोपट होता. नेली त्याला रोज पावाचा काठ द्यायची.

कात्री परत ठेवली.

१४ सप्टेंबर

मला आनंद झालाय. लिहिते ते खरं लिहिते. भीती नाही, आनंद. माझी लेक आली आहे. मला हाक मारते. दिवसभर आई, आई. मी तिला मांडीवरून उतरू देत नाही. कोणी मला काही म्हणो.

१५ सप्टेंबर

तिगरे घरात येत नाही. अकराव्या फाटकाशी जाऊन बसला आहे. सकाळी गेले तर शेपूट हलवत होता, वर बघून, कोणाचा तरी हात डोक्यावरून फिरावा तसे कान मागे पाडून. फाटकाशी कोणी नव्हतं. पिमिएंतापण तिथेच उभी, मान कुंपणावरून पलीकडे टाकलेली.

परत आले आणि पोरीला विचारलं, डेल्फिना कुठे आहे? माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. ती बाहुलीला घोंगडीत गुंडाळत होती. मान वर न करता म्हणाली, ती बाहेर आहे. फाटक धरून उभी आहे. तिला वाटतं, तू बोलावशील.

आणि मग, तिला थंडी वाजते, पण ती सांगत नाही.

१६ सप्टेंबर

दुपारी फाटक करकरलं. धावले. कोणी नाही. वारा नव्हता.

पुन्हा करकरलं. उघडत नाही. नुसतं कोणी धरून उभं राहिलं की हलतं, तेवढं.

खिडकीतून बघत बसले. तीन अंडी ओंजळीत देऊन पळाली होती ती. मी मांडीवरून उठले तेव्हा काही बोलली नव्हती. विंचरताना हूं की चूं नाही. सगळं आठवतं आहे. एकामागून एक. मला काही वाटत नाही असं लिहिलं होतं मी, शाईनं.

छातीत दुखतं. नेलीसाठी दुखतं तसंच.

म्हणजे सवय झाली होती मला. चौथ्या दिवशीच झाली होती. काढला असता तरी मी तिला —

१७ सप्टेंबर

ताप. सकाळपासून. घसा पाहिला. पांढरा पापुद्रा. मी तो ओळखते, मी तो दोन वर्षं रोज —

पुन्हा तेच होणार. माझी नेली एवढंच घेऊन आली आहे, मरण. तिच्याकडे दुसरं काही नाही, बिचारीकडे. आणि अंग डेल्फिनाचं आहे.

निकासियो डॉक्टरकडे निघाला. ओढे भरलेत. दोन दिवस तरी, म्हणाला. निघताना त्यानं पोरीची पाठ पाहिली, टाके पाहिले. मला म्हणाला, किती दिवस झाले, बाई? मी बोटं मोजली. अकरा. तो टोपी हातात घेऊन उभा राहिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं.

१८ सप्टेंबर, सकाळ

काढायला गेले. किंचाळली. लोकर अंगाला चिकटली आहे. टाक्यांखाली कातडी ओली, आणि वास — मी तिला सोलते आहे अशी ती ओरडली. आई, पुन्हा नको. मला पुन्हा तिकडे नको पाठवू. तिथे कोणी नाही गं.

कात्री पडली हातातून.

कासिल्डा गुडघ्यांवर प्रार्थना करते आहे. कोणासाठी ते विचारलं नाही.

दुपार

श्वास शिट्टीसारखा. नेलीचा असा सुरू झाला त्यानंतर तीन तास —

फाटक आता करकरत नाही. मघापासून नाही. तिगरे रडतो आहे. माणसासारखा. डेल्फिना, धरून ठेव गं. सोडू नकोस. येते मी. तुला आत घेते. थांब —

अनसेल्मो म्हणाला होता, माझ्या पोरीला सांभाळ.

माझ्यापण आहेत दोघी. दोघी माझ्याच. देवा, हे मी कधी —

हात थरथरतो. लिहिलं की थोडा थांबतो. म्हणून लिहिते. एक टाका, एक ओळ.

पहिला कापला. तिनं माझ्या कानाची पाळी धरली आहे. डाव्या हातानं. ओरडत नाही आता. बघते नुसती.

दुसरा. तिला पोपटाची गोष्ट सांगते आहे. एका पायावर उभा राहायचा आणि पाद्र्याला शिव्या द्यायचा. हसली. हसली माझी —

तिसरा. आई, थंडी वाजते.

हो राणी. माहीत आहे. आई इथेच आहे. या वेळी आई हात सोडणार नाही, तूच सोड, तुला जमेल तेव्हा —

चौथा

पाळीवरची बोटं सैल — फाटक — फाटक पुरतं उघडलं — तिगरे भुंकत नाही — अंगणात पावलं — सेन्योरा, अशी हाक — हो! ये! आत ये बाळा —

नेली, मागे बघू नकोस, मी तुझा फ्रॉक धुणार नाही, मी तो —